पेटीचा जुना नंबर

माझी बायको घरातल्या पुढच्या खोलीत बसून लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं आणि दूध संस्थांचे वार्षिक अहवाल तयार करायची. अक्षरजुळणी तिची, पानांची मांडणी तिची, छापखान्याशी बोलणंही तिचंच. मी हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो तेव्हापासून तिच्या मजकुरातल्या चुका काढायचं काम माझ्याकडे आलं. ती पुढच्या खोलीत मोठ्या कॉम्प्युटरवर बसायची, मी आत जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन. मजकूर मात्र तिच्या मशीनवर नसायचा आणि माझ्याही नसायचा. तो पेटीत असायचा.

पेटी हे नाव तिनंच ठेवलेलं. पुढच्या खोलीतल्या कपाटावर काळ्या रंगाचा एक छोटा सर्व्हर होता, पावाच्या दोन लाद्या शेजारीशेजारी उभ्या ठेवाव्यात एवढा. त्याच्यात दोन हार्डडिस्क होत्या. एकीवर जे जाईल तेच दुसरीवरही जायचं, म्हणजे एक बिघडली तरी काम बुडू नये. मागून एक वायर राउटरला गेलेली होती, त्यामुळे घरातल्या कुठल्याही मशीनवरून पेटीतल्या फाइली उघडता यायच्या. ही सगळी जोडणी तिनं एकटीनं केली होती, समोर कुणाचा तरी व्हिडिओ लावून, चष्मा कपाळावर सरकवून. मला तिनं एवढंच सांगून ठेवलं होतं की पेटीची विजेची वायर ओढायची नाही. दिवा जळत असताना वायर ओढली की आतलं बिघडतं.

उन्हाळा संपत आला होता तेव्हा एका सकाळी चहा गाळताना तिच्या हातातली गाळणी पडली. मी म्हटलं, "असू दे, मी पुसतो." ती काहीतरी बोलली, पण ते शब्द नव्हते. मग ती ओट्याला धरून खाली बसली. पक्षाघात. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तिच्याजवळ दोनच शब्द उरले होते. "थांबा की."

चहा हवा असला तरी "थांबा की". नको असला तरी तेच. पाठ दुखली, उकडलं, शौचाला जायचं आहे, कुणी भेटायला आलं, सगळ्याला तेच. आवाज मात्र पूर्वीचा, वर-खाली होणारा. न बघता ऐकलं तर वाटावं, बाई बोलतायत. डॉक्टरांनी सांगितलं, बऱ्याच जणांचं असं होतं, एखादा शब्द जिभेवर राहून जातो आणि तोच बाहेर पडतो. त्या शब्दाचा अर्थ धरायचा नाही. तिला समजतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बरंचसं समजत असणार. नेमकं किती ते आत्ता सांगता येणार नाही."

मला त्या दिवसांत काय वाटत होतं असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. माणसं भेटायला यायची, शहाळी आणायची, खुर्चीच्या कडेवर बसायची. मी त्यांना चहा द्यायचो. तिला अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडायची, पुन्हा मिटायची. रडू आलं नाही. देवाला काही मागावं असंही वाटलं नाही. शाळेत कधी एखादा तास मोकळा मिळाला की मी स्टाफरूममध्ये बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचो. तसं होतं ते. फक्त तास संपल्याची घंटा होत नव्हती.

आम्हाला मूलबाळ नाही. मदतीला शिरोळहून माझी मेहुणी आली, बायकोची धाकटी बहीण. दारातून आत येतानाच तिनं पदर खोचला आणि घर ताब्यात घेतलं. तिचं बोलणं मोठ्यानं असतं, शेतातून हाक मारल्यासारखं. बायकोला ती अक्का म्हणते, मला दाजी. अक्काला ऐकू येत नाही असं कुणीही म्हटलेलं नव्हतं, पण ती अक्काशी आणखीच मोठ्यानं बोलायची. बायको डोळे मिटून घ्यायची. मी मेहुणीला काही म्हटलं नाही. घरात एक आवाज चालू होता, तो चालू असलेला बरा.

पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर शाहूवाडीकडच्या एका गावातल्या दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. त्यांचा अहवाल दरवर्षी आमच्याकडेच व्हायचा.

"सर, मॅडमची तब्येत कशी आहे?"

"आहे."

"सावकाश होईल बघा. आमच्या चुलत्यांना झालेलं, आता काठी घेऊन गावभर हिंडतात." मग ते मुद्द्यावर आले. "सर, या वेळेला विचारू नये. पण सभेच्या नोटिसा गेल्यात. अहवाल अर्धा झालाय असं मॅडम म्हणालेल्या. तेवढा जर मिळाला असता तर आम्ही दुसरीकडनं उरलेला करून घेतला असता."

मी म्हटलं, बघतो.

दुपारी बायको झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. ती आजारी पडल्यापासून तो उघडलाच नव्हता. पडद्यावर पेटीच्या फोल्डरचं चित्र होतं, त्याच्यावर लाल फुली. दाबून बघितलं. बराच वेळ निळं चक्र फिरलं आणि इंग्रजीत लिहून आलं की नेटवर्कवरची ही जागा सापडत नाही. त्याच्याखाली एक लांबलचक नंबर आणि सूचना, की पत्ता बरोबर लिहिला आहे का ते तपासा. मी पत्ता लिहिलाच नव्हता, चित्रावर बोट ठेवलं होतं. मी ती खिडकी बंद केली.

लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. तेच. पुढच्या खोलीत जाऊन तिचा मोठा कॉम्प्युटर लावला. त्याच्यावर धूळ बसली होती आणि कीबोर्डच्या शेजारी तिची कानातली ठेवायची वाटी होती. तिथंही लाल फुली, तिथंही तोच निरोप. म्हणजे लॅपटॉपचा दोष नव्हता. मी स्टुलावर चढून पेटी बघितली. सगळे दिवे हिरवे होते. एक लुकलुकत होता, तो पूर्वीही लुकलुकायचा. कान लावला तर आत बारीक घरघर चालू होती.

मेहुणी दारात आली. "काय करालाय दाजी वर चढून?"

"फाइली उघडत नाहीत."

"वायर काढून लावा की. आमच्या टीव्हीचं तसंच करतोय आम्ही."

"वायर काढायची नाही म्हणून सांगितलंय."

"कुणी?"

मी पेटीवरची धूळ पुसायला लागलो. तिनं एकदा मागच्या खोलीकडे बघितलं आणि भांडी घासायला गेली.

पेटीच्या पुढच्या बाजूला एक बटण होतं. बायको कधीतरी ते दाबून धरायची हे मला आठवत होतं. मी दाबून धरलं. पेटीनं एक शिट्टी दिली, दिवे एकेक करून विझले. घरघर थांबली तेव्हा खोली फार रिकामी वाटली. जरा वेळानं पुन्हा चालू केली. दिवे आले, शिट्टी आली, घरघर आली. फाइली आल्या नाहीत. मग राउटरला गेलेली मागची वायर बदलली. ड्रॉवरमध्ये तिनं निळ्या वायरी गुंडाळून, रबर लावून ठेवल्या होत्या, त्यातली एक घेतली. फरक पडला नाही. दुसरी लावली. राउटरच्या दुसऱ्या भोकात लावून बघितली. असं करत संध्याकाळ झाली. वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर ते काम मला बरं वाटत होतं, कारण त्यात एक गोष्ट केली की ती झाली की नाही ते लगेच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माणसाला बोलावलं. तिशीतला, पाठीवर बॅग, पावसानं पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. बायकोला त्यानं "काकू, कसं काय?" असं विचारलं, ती "थांबा की" म्हणाली, तर तो खरंच थांबला. मेहुणीनं त्याला समजावलं, की अक्का सगळ्यालाच तसं म्हणते. तिला आम्ही दिवसा पुढच्या खोलीत खुर्चीत बसवायचो, रस्ता दिसावा म्हणून. त्यामुळे सगळं तिच्या समोरच चाललं होतं.

त्या माणसानं स्वतःचा लॅपटॉप जोडला, घरातल्या सगळ्या मशीन शोधणारं काहीतरी चालवलं. त्यात मोठा कॉम्प्युटर दिसला, माझा लॅपटॉप दिसला, मेहुणीचा मोबाइलसुद्धा दिसला. पेटी दिसली नाही.

"सर, आतलं उडालंय बघा. पावसाळ्यात लै होतंय असं."

"दिवे तर लागलेत."

"दिव्याचं काय न्हाय हो. दिवे लागत्यात." त्यानं पेटी कपाटावरून खाली काढून टेबलावर ठेवली. "जुनं मॉडेल हाय. एक करूया, मागं रिसेटचं बटण हाय, ते मारतो. नव्यानं सगळं चालू करून देतो. तुमच्या पुढच्या कामाला काय अडचण येणार न्हाय."

"आणि आतल्या फाइली?"

"त्या आता हायत का न्हाईत तेच म्हाईत न्हाय की सर."

त्यानं बॅगेतून एक बारीक पिन काढली, पेटी फिरवली आणि मागचं बारकं भोक शोधायला लागला. मी बाजूला उभा होतो. मला वाटत होतं की होऊ दे. अहवाल गेला तर गेला, सचिवांना सांगता येईल. आतलं बाकीचं काय होतं याचा विचार मी केला नाही.

"थांबा की," बायको म्हणाली.

कुणी वळून बघितलं नाही. ती दिवसभर तेच म्हणत असायची. त्या माणसानं चष्मा वर करून भोकात पिन धरली. ती पुन्हा म्हणाली, त्याच आवाजात. मी तिच्याकडे बघितलं. ती रस्त्याकडे बघत नव्हती, पण पेटीकडेच बघत होती असंही मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तिची नजर टेबलाच्या आसपास कुठंतरी होती.

"राहू दे आज," मी म्हटलं.

"सर, दोन मिनिटांचं काम हाय."

"राहू दे. मी कळवतो."

त्यानं पिन काढून घेतली. नाराज झाला नाही. मेहुणीनं दिलेला चहा प्याला आणि जाताना म्हणाला, "काकूंनी थांबा म्हटलं म्हणून थांबलासा, व्हय?" मी म्हटलं, तसं काही नाही. तसं होतं की नव्हतं, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. तो गेल्यावर मी तिच्यासमोर बसून विचारलं, "पेटीला हात लावू नको म्हणत होतीस का?" ती म्हणाली, "थांबा की." मग डाव्या हातानं माझ्या शर्टाचं बटण धरून ओढायला लागली. ते तुटायला आलं होतं.

मेहुणी मला रात्रीचं वाढताना म्हणाली, "दाजी, त्या पेटीत माझ्या लेकीच्या लग्नाचं व्हिडिओ हायत. अक्कानंच उतरवून घेतलेले. त्यात अक्का बोललेली हाय."

"असेल."

"असंल न्हाय, हाय. मला बघायचाय." तिचा आवाज एकदम खाली आला होता. मी भाकरीचा तुकडा मोडला. तिला बघायचा असणं बरोबर होतं. मला बघायचा आहे का, हे मी स्वतःला विचारून बघितलं. मग ताटातलं संपवलं.

पुढच्या दुपारी मी पुन्हा लॅपटॉप घेऊन बसलो. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मी तो निरोपच पुन्हा वाचला. मुद्रितं तपासताना एक सवय लागते. वाक्य वाचायचं नाही, अक्षरं वाचायची. अर्थ कळला की चूक दिसत नाही, कारण डोळे पुढं पळतात. शाळेतल्या वह्या तपासताना मी अर्थासाठी वाचायचो. बायकोचं काम करायला लागल्यावर तिनंच मला ही सवय लावली होती. त्या निरोपातली अक्षरं मी एकेक करून वाचली, आणि मग पहिल्यांदाच तो नंबर वाचला. १९२, टिंब, १६८, टिंब, ०, टिंब, ५०.

हा पेटीचा पत्ता असावा एवढं कळलं. मग लॅपटॉपचा पत्ता काय? ते कुठं बघायचं हे मला माहीत नव्हतं. मोबाइलवर शोधलं, एका बाईचा हिंदी व्हिडिओ मिळाला, ती सांगेल तसं दाबत गेलो. लॅपटॉपचा नंबर आला. १९२, टिंब, १६८, टिंब, १, टिंब, ७. मोठ्या कॉम्प्युटरवर जाऊन तसंच केलं. तिथंही तिसऱ्या जागी एक. शेवटचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असणार हे समजण्यासारखं होतं, घरांचे नंबर असतात तसे. पण गल्लीचं नाव सगळ्यांचं एकच हवं. लॅपटॉप एक नंबरच्या गल्लीत, कॉम्प्युटर एक नंबरच्या गल्लीत, आणि पेटी शून्यात.

मी नंबर एकाखाली एक लिहून बायकोला दाखवले. का दाखवले ते सांगता येत नाही. बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी तिला आकड्यांची कार्डं दाखवली होती तेव्हा तिला तीन आणि आठसुद्धा ओळखता आले नव्हते. तिनं कागद डाव्या हातात घेतला, बघितला, आणि घडी करून मांडीखाली ठेवला.

राउटरकडे बघितल्यावर मला शंका आली. तो पांढरा होता. आमचा काळा होता असं वाटत होतं.

"हा कधी आला?" मी मेहुणीला विचारलं.

"तुम्ही दवाखान्यात होतासा तवा न्हाय का वळीव झाला? ईज पडली आणि इंटरनेट गेलं. मी त्याच दिवशी आले होते कपडे न्यायला. त्यो इंटरनेटवाला आला आणि नवा बसवून गेला."

"मला सांगितलं नाहीस."

"तवा तुम्हाला काय सांगायचं दाजी," ती म्हणाली. "तुमाला जेवलासा का विचारलं तरी कळत नव्हतं."

इंटरनेटवाल्याला फोन लावला. त्याच्या मागे रहदारीचा आवाज होता. मी नंबरांचं सांगितलं. त्यानं मध्येच तोडलं.

"काका, तुमचा जुना राउटर शून्यवाला होता. हा एकवाला आहे. बाकीच्या मशीनना राउटर आपण होऊन नवा नंबर देतो. पण कुणी एखाद्या मशीनला हातानं नंबर पक्का करून दिला असंल तर ते जुन्याच नंबरावर बसून राहतंय. चालू असतंय, पण कुणाला सापडत न्हाय. कुणी जोडलेलं ते?"

"घरातल्यांनी."

"मग पक्का करूनच दिला असणार. हुशार माणसं करतात तसं, रोज नंबर बदलू नये म्हणून."

"आता?"

"त्याला हात लावू नका. राउटरच शून्यवाला करून टाका. मी सांगतो तसं करा. आत जायचा पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेला असतोय."

मी फोन टेबलावर ठेवून त्याचा आवाज मोठा केला. राउटर उलटा करून बुडावरचं वाचलं, बारीक अक्षरांसाठी मेहुणीनं बॅटरी धरली. लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं. इंग्रजी शब्द खूप होते. तो सांगत होता, मी शोधत होतो, मध्येच त्याचा आवाज पुलावरून जात असल्यासारखा तुटत होता. शेवटी ती जागा सापडली. एका चौकटीत राउटरचा स्वतःचा नंबर होता, तिसऱ्या जागी एक.

"एक खोडा, शून्य घाला. आणि खाली सेव्ह दाबा. सगळं बंद होईल, घाबरू नका. परत येईल."

मी एक खोडला, शून्य घातलं.

"थांबा की," बायको म्हणाली.

मी बोट उचललं आणि वळलो. मेहुणीही वळली. आदल्या दिवशीचं आम्हा दोघांच्याही मनात होतं. बायकोचा उजवा पाय खुर्चीच्या पायटेकणीवरून घसरून खाली लोंबत होता. तेवढंच होतं. मी खाली बसून पाय उचलून नीट ठेवला, चप्पल सरळ केली. फोनमधून तो "काका, दाबलं का?" असं विचारत होता.

मी उठून सेव्ह दाबलं.

राउटरचे दिवे गेले. फोन तुटला नाही, पण तो माणूस म्हणाला की त्याला गिऱ्हाईक आहे, काही लागलं तर परत लावा. आम्ही तिघं राउटरकडे बघत राहिलो. एक दिवा आला, मग दुसरा. लॅपटॉप परत जोडला गेला. मी पेटीच्या फोल्डरवर बोट ठेवलं. लाल फुली गेली आणि फोल्डर उघडला. नेहमी उघडायचा तसाच, झटकन. लग्नपत्रिका. वास्तुशांती. अहवाल. घरचं. छापखाना. सगळी नावं मराठीत, तिच्या पद्धतीनं.

मेहुणी रडायला लागली. मला वाटलं, आता मलाही काहीतरी होईल. मी जरा वाट बघितली. काही झालं नाही. बायकोच्या दुपारच्या गोळीची वेळ झाली होती, ती दिली. पाणी दिलं. हनुवटीवर ओघळलेलं पुसलं. तिला सांगितलं, "पेटी सुरू झाली." ती खिडकीतून बघत होती. रस्त्यावर शाळेची रिक्षा बंद पडली होती आणि मुलं उतरून तिला ढकलत होती.

अहवालाचं काम मी स्वतःच पुरं करायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे, सचिवांना अर्धी फाइल पाठवायला गेलो आणि त्याऐवजी "दोन दिवसांत देतो" असं बोलून बसलो. जमाखर्चाची पानं तिनं लावून ठेवली होती. अध्यक्षांचं मनोगत राहिलं होतं आणि फोटो राहिले होते. दूध संस्थेच्या अहवालात फोटोंची मांडणी हे नाजूक काम असतं. अध्यक्षांचा फोटो सगळ्यांत मोठा, उपाध्यक्षांचा त्याहून थोडा लहान, पण इतका नाही की त्यांना लागेल. संचालक सगळे सारख्या मापात. बायकोला हे पाठ होतं. मी मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी उघडून ठेवला आणि बघून बघून करत गेलो.

असा पुढच्या खोलीत बसलो असताना मधल्या खोलीतून बायकोचा आवाज आला.

"अगं, ती नारळाची पिशवी कुठं ठेवलीस? मघाशी तर माझ्या हातात होती. आणि त्या पावण्यांना कुणी चहा दिला का? बसलेत बिचारे कधीचे. तू ते चित्रीकरण सोड आधी आणि चहाचं बघ."

मेहुणीनं मोठ्या कॉम्प्युटरवरून लग्नाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये घेतला होता आणि आत पलंगावर बसून बघत होती. मी कळफलकावरचे हात तसेच ठेवून ऐकत राहिलो. एवढी वाक्यं. त्यात कर्ता होता, कर्म होतं, प्रश्न होता, टोमणा होता. बायको माझ्या समोर खुर्चीत होती. तिनंही ऐकलं. आवाजाच्या दिशेनं तिनं मान वळवली, भुवया जवळ आणल्या, बाहेरच्या खोलीत कुणी पाहुणी आली की आपण करतो तसं. जरा वेळ तशीच राहिली. मग मान परत फिरवली. मेहुणीनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. नारळाची पिशवी पुन्हा हरवली.

मी उठून आत गेलो. "आवाज जरा कमी कर," मी म्हटलं. "आणि बघ तू, बघू नको असं नाही."

"तुमी बघा की एकदा."

"बघीन नंतर."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला मी दगड वाटत असेन. तिनं आवाज कमी केला आणि मोबाइल कानाला लावून ऐकायला लागली, कुणाचा तरी फोन आल्यासारखा. मी टेबलाशी येऊन मनोगतातल्या "सभासद बंधू आणि भगिनिंनो" मधला ऱ्हस्व दीर्घ केला.

अहवाल छापून झाला. सचिव स्वतः एक प्रत द्यायला आले, खव्याच्या पेढ्यांचा पुडा घेऊन. उपाध्यक्षांचा फोटो जरा तिरका आला होता, पण त्यांनी ते पान उलटून टाकलं. पुढच्या वर्षीचंही तुम्हीच करा म्हणाले. बायकोपुढं त्यांनी हात जोडले. तिनं डाव्या हातानं त्यांना बसा अशी खूण केली. ती खूण नवी होती, पण आमच्यापैकी कुणी त्याचं कौतुक केलं नाही. तेव्हा लक्षातच आलं नाही; सचिव गेल्यावर मेहुणीनं ते बोलून दाखवलं.

त्यानंतर मी पेटीतलं सगळं एका वेगळ्या डिस्कवर उतरवून कपाटात ठेवलं. एकदोन लग्नपत्रिका केल्या. बायको काठी आणि माझा खांदा धरून दारापर्यंत यायला लागली. शब्द आणखी चार-पाच आले, त्यांतला एक मेहुणीचं लहानपणीचं नाव होता. मला विचारलं तर मी सगळ्यांना सांगत होतो, सुधारणा आहे. ते खरंही होतं. आत मात्र पूर्वीसारखंच सपाट होतं. जेवण जात होतं, झोप लागत होती.

श्रावण लागला होता, तेव्हाची गोष्ट. मी गल्लीच्या टोकाच्या गिरणीत गव्हाचा डबा ठेवून आलो होतो. आणायला गेलो तेव्हा गिरणीवाला माझ्याआधी कुणाची तरी हरभऱ्याची डाळ दळून मोकळा होत होता, आणि जात्यातलं बेसन न झाडता त्यानं माझे गहू वर ओतले.

"आधी झाडून घ्यायचं होतं की," मी म्हटलं.

"एवढ्यानं काय होतंय सर. मूठभर असंल."

"मूठभर असेना. चपातीला वास येतो."

"येत न्हाय हो."

आणि मला राग आला. माझा आवाज चढला. मी त्याला सांगितलं की इतकी वर्षं इथं दळतो, कधी कुरकूर केली नाही, म्हणून तू वाटेल ते करणार का. गहू कुठले ते तरी बघितलेस का. घरात आजारी माणूस आहे, तिला साधी चपाती जाते आणि तीही तू बेसनाची करून देणार. मागे उभ्या असलेल्या दोन बायका माझ्याकडे बघायला लागल्या. गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. माझे कान तापले होते आणि मला अजून बोलायचं होतं. जे बोललो ते सगळंच काही त्याच्या वाट्याचं नव्हतं. त्यानं पट्टा पुन्हा चालू करून गहू दळून काढले. झाकण लावून डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "चुकलं सर. पुढच्या खेपेला झाडून घेतो."

मी डबा पोटाशी धरून घरी निघालो. नुकतं दळलेलं पीठ होतं, पत्र्यातून चटका बसत होता. मी डबा खाली ठेवला नाही. भराभर चालत आलो. घरी आल्यावर पायऱ्यांवरूनच सांगायला सुरुवात केली. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो. बायको ऐकत होती. मेहुणीसाठी परत पहिल्यापासून सांगितलं, कारण ती मागे कपडे वाळत घालत होती.

मेहुणीनं झाकण काढलं, चिमूटभर पीठ घेऊन वास घेतला, जिभेवर ठेवलं.

"चांगलं हाय की पीठ," ती म्हणाली. "उगंच भांडलासा."

"वास येतोय," मी म्हटलं. "नीट बघ."

तिनं डबा बायकोच्या नाकाखाली धरला. बायकोनं वास घेतला, आणखी एकदा घेतला, आणि मान हलवली. मेहुणी म्हणाली, बघा, अक्का पण न्हाय म्हंतेय. मी म्हटलं, ती हो म्हणतेय. चपात्या होईपर्यंत आमचा वाद चालला.